पंचनाम्याचा सातवा रकाना

“कोणाच्या उत्तरपत्रिकेत पाहिले?” बाबर सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फॉर्म डोळ्यांजवळ धरून पुन्हा वाचला. “उपळेकर, हे तुम्हीच लिहिलंय ना?”

“हो सर.”

“शमा मुलाणी, इयत्ता पाचवी.”

“हो सर.”

“आणि पाहणारा?”

“बिरुदेव खरात. नववी.”

बाबर सर आमचे मुख्याध्यापक. तीस वर्षं शाळेत काढलेला माणूस सहसा कशानं चकित होत नाही, पण त्या दिवशी ते झाले. मग त्यांनी फॉर्म टेबलावर ठेवला आणि वर पेपरवेट ठेवलं.

“नववीच्या पोरानं गणिताच्या पेपरात पाचवीच्या पोरीचं बघून लिहिलं,” ते सावकाश म्हणाले. “का हो? त्याला परत पाचवीत जायचंय का?”

मी सव्वीस वर्षांचा होतो आणि माझ्याकडे नियम होते.

या नियमांबद्दल थोडं सांगायला हवं. माणदेशातल्या त्या हायस्कुलात मी गणिताचा शिक्षक म्हणून लागलो, त्या वर्षीच्या एका चाचणीत माझ्या वर्गातल्या अकरा मुलांनी एकाच गणितात एकच चूक केली होती. नुसती चूक नाही, त्या अकराही जणांनी ती आधी खोडली होती आणि मग तीच चूक पुन्हा लिहिली होती. खाडाखोडसुद्धा कॉपी केलेली बघून माझं डोकं फिरलं. दुसरा एखादा असता तर दोन छड्या मारून मोकळा झाला असता. मी मात्र शाळेतून कॉपी हद्दपार करण्याचा विडा उचलला, आणि तो कुणी मला दिलेला नव्हता.

मी चपला वर्गाबाहेर काढायला लावल्या, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडायला लावल्या, लाकडी पॅडं उलटी करून तपासली. पावलं वाजू नयेत म्हणून मी स्वतः पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले. वर्तमानपत्राला मधोमध एक भोक पाडलं आणि खुर्चीत बसून ते वाचायचं सोंग करत त्या भोकातून वर्गावर नजर ठेवू लागलो. ते भोक नेमकं बाबर सरांच्या राशिभविष्यावर पडायचं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. बिचारे कैक महिने आपला दिवस कसा जाईल ते न कळता शाळेत येत होते. पोरं मला घार म्हणत. मला ते कळलं होतं आणि मी त्यावर खूश होतो. आरशात बघताना नाक जरा बाकदार आहे का तेही पाहत असे.

माझा हुकमाचा एक्का होता बैठकव्यवस्था. एका बाकावर एक नववीचा आणि एक पाचवीचा. शेजारी, पुढं, मागं कुठंही बघा, स्वतःच्या इयत्तेचं कुणी नाही. ही कल्पना पुष्कळ शाळांत वापरतात, पण ती जणू मीच शोधून काढली अशा थाटात मी शिक्षकांच्या बैठकीत फळ्यावर आकृती काढून दाखवली. “आता पोरांनी बघायचं ठरवलं तरी बघायला काही नाही,” मी म्हणालो. पाचवीच्या शेटे बाई स्वेटर विणत होत्या. त्यांनी मान वर न करता “छान आहे” म्हटलं.

शिवाय मी एक छापील पंचनामा तयार केला. सहा रकाने, खाली पालकाच्या सहीला जागा. पकडलेल्या मुलाला त्या विषयात शून्य. जप्त केलेली उत्तरपत्रिका पाकिटात घालून लाखेनं बंद करायची आणि पालकासमोरच उघडायची. बाबर सरांनी मसुदा वाचला आणि शेवटी स्वतःच्या हातानं सातवा रकाना घातला: ‘निरीक्षक त्या वेळी काय करत होते?’

“याची काय गरज आहे सर?” मी विचारलं.

“असू द्या. सहापेक्षा सात बरे दिसतात.”

मी शंभर फॉर्म सायक्लोस्टाइल करून घेतले. सहामाहीचे पहिले तीन दिवस त्यातला एकही वापरला गेला नाही. कॉपी होत नव्हती. खरं तर हेच मला हवं होतं, पण शंभर फॉर्म कपाटात पडलेले बघून मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

चौथ्या दिवशी गणिताचा पेपर होता. अर्ध्या तासानं मला भोकातून तिसऱ्या बाकावर हालचाल दिसली. बिरा खरात डावीकडं झुकला होता. शमा मुलाणीनं आपला पेपर दोन बोटं त्याच्याकडं सरकवला, ओठ हलवले आणि पेन्सिलीनं काहीतरी दाखवलं. बिरानं मान डोलावली आणि तो लिहू लागला. मी हललो नाही. पिकू दिलं. आणखी पंधरा मिनिटं गेली, ते दोघं पुन्हा कुजबुजले, आणि मग मी माझ्या कॅनव्हासच्या बुटांत असा काही निघालो की माझं मलाच कौतुक वाटलं.

खांद्यावर हात पडला तसा बिरा दचकला. तो दांडगा मुलगा होता, बाकाखाली त्याचे पाय मावत नसत. त्यानं दोन्ही हातांनी उत्तरपत्रिका झाकली.

“सोड,” मी म्हणालो.

“सर, न्हाई वो. हे बघू नका.”

कॉपी करणारे रडतात, शपथा घेतात, खोटं बोलतात. बघू नका असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मला ती निर्लज्जपणाची कमाल वाटली. मी उत्तरपत्रिका ओढून घेतली, घडी केली आणि आत न बघता पाकिटात घातली. माझा नियमच तसा होता.

“सर,” शमा तिच्या जागेवरून म्हणाली, “त्याचं शेवटचं गणित हुतच आलं हुतं.”

“तू गप्प बस. तुझं नंतर बघतो.”

हे सगळं बाबर सरांना सांगून झालं तेव्हा ते खिडकीतून बाहेर बघत होते.

“तुम्हाला खरातांचं माहीत आहे का?” त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. मला मुलांच्या बाह्या कुठवर दुमडलेल्या आहेत तेवढं माहीत असायचं.

“त्याचा बाप, म्हाकू, मेंढरं राखतो. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरतो, तो पावसाच्या तोंडावर वर येतो. थोरला पोरगा औंदा वेगळा झालाय, मेंढरांमागं माणूस कमी पडतंय, म्हणून हा बिराला बरोबर न्यायचं म्हणतो. मी महिनाभर त्याच्या मागं लागलोय. शेवटी म्हणाला, सहामाहीला समद्या इषयांत पास झाला तर ठेवतो हितं आत्याकडं. नायतर न्हेतो.” बाबर सर वळले. “आता तुमचं शून्य.”

मी पेपरवेट उगाच सरळ केलं.

“सर, एकदा नियमाला अपवाद केला की झालं.”

“तेही खरंच,” बाबर सर म्हणाले. “बोलवा उद्या म्हाकूला.”

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला म्हाकू खरात आला. तांबडा पटका, खांद्यावर घोंगडं, वहाणा दाराबाहेर काढलेल्या. खुर्चीवर बस म्हटलं तर नको म्हणाला, भिंतीला टेकून उकिडवा बसला. बिरा दारापाशी उभा होता. बापाकडं बघत नव्हता.

“काय चोरलं का ह्येनं?” म्हाकूनं विचारलं.

“चोरलं असंच म्हणायचं,” मी म्हणालो, आणि कॉपी म्हणजे काय, ती का वाईट, राष्ट्राचं तिच्यानं काय नुकसान होतं, हे त्याला पाच मिनिटं समजावून सांगितलं. राष्ट्रापर्यंत जायची गरज नव्हती, पण मी पोचलो होतो.

म्हाकूनं ऐकून घेतलं. “म्हंजे नापास.”

“गणितात शून्य.”

“बरं,” तो म्हणाला आणि पोराकडं वळला. “चल मग. आत्याला सांगून ये.”

बिरा हलला नाही. मला माझ्या विजयाचा हा भाग आवडेना, म्हणून मी घाईनं पाकीट पुढं केलं. “थांबा. उत्तरपत्रिका तुमच्यासमोर उघडायची आहे. तसा नियम आहे.”

लाख मी फोडली. उत्तरपत्रिका बाबर सरांच्या टेबलावर पसरली. आमच्या नववीच्या पेपरात पहिला प्रश्न होता ‘अवयव पाडा’. बिरानं वर सुवाच्य अक्षरात ‘प्रश्न पहिला, अवयव पाडा’ असं लिहिलं होतं आणि खाली अर्धं पान कोरं होतं. मग ‘प्रश्न दुसरा’, पुन्हा कोरं. मी पान उलटलं.

पुढच्या पानावर पाचवीचा पेपर होता.

म्हणजे पाचवीच्या प्रश्नपत्रिकेतली गणितं, त्याच्या हातानं उतरवलेली. ‘एका बागेत ९३६ रोपे १२ ओळींत सारखी लावली, तर प्रत्येक ओळीत किती रोपे?’ त्याखाली अख्खं पान गुणाकारांनी भरलेलं. बारा गुणिले पन्नास. बारा गुणिले साठ. बारा गुणिले सत्तर. बारा गुणिले ऐंशी, आणि ते खोडलेलं. मग एकोणऐंशी, तेही खोडलेलं. मग अठ्ठ्याहत्तर, आणि त्याला गोल.

दुसरं गणित ८६४ भागिले २४. त्यात भागाकाराची मांडणी होती, पण वाकडीतिकडी, एका ठिकाणी वजाबाकी चुकलेली, वर बारीक पेन्सिलीची खूण. ती खूण त्याची नव्हती. उत्तर शेवटी छत्तीस, बरोबर.

तिसरं, १५७५ भागिले २५. सरळ, स्वच्छ, एकही खाडाखोड नाही. वर सहा, मग तीन, आणि खालच्या शून्याखाली रेघ मारायची तेवढी राहिली होती. माझा हात त्याच्या खांद्यावर पडला तो तिथं.

मी गणिताचा शिक्षक, बी.एस्सी., बी.एड., आणि मला ते पान वाचायला वेळ लागत होता.

“बिरा,” बाबर सरांनी विचारलं, “तुला भागाकार येत नव्हता?”

त्यानं मान खाली घातली.

“अरे, आठवीत तुला गणितात एक्केचाळीस आहेत,” मी म्हणालो.

“ते सुऱ्याचं हुतं सर,” बिरा म्हणाला. “तवा बाकावर सुऱ्या असायचा.”

बाबर सरांना खोकला आला. तो खोकला नव्हता, पण त्यांनी तो खोकल्यासारखा केला.

“पण भागाकार,” मला अजून पटत नव्हतं. “भागाकार तिसरीत शिकवतात.”

“व्हय सर. दिवाळीनंतर.”

“मग?”

“दिवाळीनंतर आमी खाली जायचो.” बिरा बापाकडं न बघता सांगत होता. “तिसरीत दिवाळीनंतर हुता. चौथीत बी दिवाळीनंतरच. पाचवीत बाई म्हणल्या, भागाकार झालाय तुमचा, म्होरं चला. सहावीपसनं मी आत्याकडं ऱ्हातोय, पर तवा कुणी शिकवतच न्हाई. समद्यांला येतोय असं धरत्यात. बेरीज येती मला, गुणाकार येतोय. दिवाळीपतोरचं समदं येतंय.”

“मग आम्हाला विचारायचंस,” मी म्हणालो.

“नववीत इचारायचं सर?” त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. “भागाकार?”

सव्वा वर्ष मी या मुलाच्या तळहातांवर काही लिहिलंय का ते तपासत होतो.

बाबर सरांनी शिपायाला पाठवून शमाला बोलावलं. ती आली ती थेट टेबलाजवळ. हनुवटी टेबलाच्या कडेला लागत होती. गावातल्या मुलाणी शिंप्याची ती धाकटी मुलगी.

“तू ह्याला पेपर दाखवलास?” मी विचारलं.

“दाखवला.”

“का?”

“तो मला म्हणला, ही बागेची गणितं मला करता येतील का बघतो. मग गुणाकार करत बसला. करतोय, करतोय, पान भरलं. मला बघवंना.”

“मग?”

“मग म्हणलं, असं नसतंय, वरचा आकडा खाली घे. एकदा चुकला. दुसऱ्यांदा मी नुसतं बोट दाखवलं. तिसरं त्यानं त्याचं त्यानं केलं. मी बघितलंच न्हाय तिकडं, माझं राहिलं हुतं.”

“अगं, पण तो नववीतला मुलगा,” मी म्हणालो. “तुला प्रश्न नाही पडला, नववीतल्याला भागाकार कसा येत नाही म्हणून?”

“तो कितवीत हाय ते मला काय करायचंय?” शमा म्हणाली. “येत न्हाय ते दिसत हुतं की.”

तिला जायला सांगितलं. दारात थांबून तिनं विचारलं, “माझं शून्य करणार का सर?” बाबर सर नाही म्हणाले. मी त्या वेळी मत देण्याच्या स्थितीत नव्हतो.

“आता फॉर्म पुरा करा,” बाबर सर मला म्हणाले.

पाचवा रकाना होता ‘कॉपीमुळे विद्यार्थ्यास झालेला अंदाजे फायदा’. मी आदल्या दिवशीच त्यात ‘वीस गुण’ लिहून ठेवलं होतं. पाकीट न उघडता. मी ते खोडलं. काय लिहावं ते कळेना. शेवटी जे खरं होतं ते लिहिलं आणि फॉर्म म्हाकूपुढं सही-अंगठ्यासाठी धरला.

“काय लिवलंय त्ये वाचा आदी,” म्हाकू म्हणाला. “न वाचता म्या कशावर बी अंगठा देत न्हाई.”

मी वाचलं. नाव, इयत्ता, विषय. कोणाच्या उत्तरपत्रिकेत पाहिले, शमा मुलाणी, पाचवी. फायदा. तो रकाना मी बोट ठेवून वाचला. “फायदा, भागाकार आला.”

पटक्याचा शेव म्हाकूनं हातात घेतला आणि सोडला.

“दर साली दिवाळीला मीच न्हेत हुतो ह्येला,” तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही. मग माझ्याकडं बघून, “एका पेपरात आला?”

“हो. तासाभरात.”

“सहा सालाचं ऱ्हायलेलं, तासाभरात.”

“हो.”

त्यानं अंगठा शाईत बुडवला आणि फॉर्मवर दाबला. नंतर घोंगड्याला पुसला. “मग ऱ्हाऊ द्या त्येला हितंच,” तो म्हणाला. “दिवाळीनंतरचं काय काय ऱ्हायलंय त्ये समदं द्या शिकवून. म्या करतो मेंढरांचं कायतरी.”

बिरा रडला. एवढा दांडगा मुलगा, भिंतीकडं तोंड करून रडला. म्हाकूनं त्याच्याकडं बघितलं नाही, वहाणा घातल्या आणि गेला. मलाही भरून आलं होतं, ते लपवायला माझ्याकडं त्या वेळी वर्तमानपत्र नव्हतं.

शून्य राहिलं. नववीच्या पेपरात त्यानं काहीच लिहिलं नव्हतं, त्यामुळं त्यावर वाद नव्हता. दिवाळीनंतर मी रोज शाळा सुटल्यावर त्याला घेऊन बसू लागलो. आठवड्याभरात लक्षात आलं, की मला भागाकार शिकवता येत नाही. मला तो येत होता, ती गोष्ट वेगळी. मी बोलायला लागलो की बिराच्या चेहऱ्यावर आदर यायचा आणि डोक्यात काही जायचं नाही. शेवटी शमाला बोलावलं. ती शिकवायची, मी खडू आणून द्यायचो. अपूर्णांकाला दोन आठवडे लागले, दशांशाला एक. कागद लागतील म्हणून मी कपाटातले पंचनाम्याचे फॉर्म काढून दिले. मागची बाजू कोरीच होती. मार्च संपला तेव्हा नव्व्याण्णवच्या नव्व्याण्णव फॉर्मांवर गणितं झाली होती. वार्षिक परीक्षेत बिराला गणितात छत्तीस मिळाले. मी दोनदा तपासले, एकदा बाबर सरांनी. बाक बदलला नव्हता, पण या खेपेला त्यानं शेजारी बघितलं नाही. शमानं दोनदा बघितलं, तो नीट करतोय का म्हणून.

आणखी कितीएक वर्षं मी शिकवलं. पर्यवेक्षणही केलं, कॉपीही पकडली, पण पाकीट उघडून आधी वाचायला लागलो. कॅनव्हासचे बूट बायकोनं भांडेवालीला दिले. बाबर सरांना त्यांचं राशिभविष्य पुन्हा मिळू लागलं, त्यावर त्यांचा विश्वास नव्हता हे त्यांनी मला निवृत्त होताना सांगितलं.

मी निवृत्त झालो त्या आठवड्यात कपाट रिकामं करताना तो पहिला फॉर्म सापडला. म्हाकूच्या अंगठ्याची शाई फिकट झाली होती. सहा रकाने माझ्या अक्षरात भरलेले होते. सातवा कोरा होता. त्या दिवशी बाबर सरांनी त्यावर बोट ठेवून “एवढा एक राहिला” असं म्हटलं होतं आणि मी “मग भरतो” म्हणालो होतो.

निरीक्षक त्या वेळी काय करत होते?

मी पेन काढलं आणि लिहिलं, ‘सव्वा वर्ष याच मुलाला गणित शिकवत होते.’ खाली सही केली, तारीख टाकली आणि फॉर्म पुन्हा फाइलला लावला.